पळण्याचे बूट निवडताना: आधी पाऊल मोजा, मग बूट बघा

पळण्याचे बूट चुकतात ते बहुतेक वेळा एकाच कारणाने: रोजच्या बुटांचा जो नंबर, तोच पळायलाही घेतला जातो. पळताना प्रत्येक पावलागणिक पाय बुटात थोडा पुढे सरकतो, चवडा पसरतो आणि अर्ध्या-पाऊण तासात पाऊल जरा फुगतंही. दुकानात चपखल वाटलेला बूट मग पाचव्या किलोमीटरला अंगठ्याचं नख दाबायला लागतो. नखं काळी पडतात ती अशी. उतारावर तर हमखास.

पाऊल कसं मोजायचं

माप संध्याकाळी घ्या, कारण दिवसभर उभं राहून-चालून पाऊल थोडं मोठं झालेलं असतं. पळताना घालता तेच मोजे घाला. भिंतीला लागून जमिनीवर कोरा कागद ठेवा, टाच भिंतीला टेकवा आणि दोन्ही पायांवर सारखा भार देऊन ताठ उभे राहा. खूण दुसऱ्या कुणाला तरी करायला सांगा. स्वतः वाकलात की भार सरकतो आणि माप बिघडतं. खूण सर्वांत पुढे आलेल्या बोटापाशी करायची. ते अंगठाच असेल असं नाही, अनेकांचं अंगठ्याशेजारचं बोट जास्त लांब असतं. दोन्ही पावलं मोजा. त्यांत तीन-चार मिलिमीटरचा फरक निघाला तर घाबरण्यासारखं काही नाही. मोठं पाऊल प्रमाण मानायचं.

समजा डावं २६.२ सेंटिमीटर भरलं आणि उजवं २६.६. बोटापुढे एक ते दीड सेंटिमीटर जागा मोकळी हवी, म्हणजे बुटाच्या आत २७.६ ते २८.१ सेंटिमीटर लांबी लागेल.

नंबरावर विसंबू नका. ब्रिटिश पद्धतीत एका नंबराचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, साडेआठ मिलिमीटरच्या आसपास. अर्धा नंबर म्हणजे चार मिलिमीटरहून थोडा जास्त. पुरुषांच्या बुटांत अमेरिकी नऊ नंबर हा बऱ्याच कंपन्यांत ब्रिटिश आठच्या बरोबरीचा असतो. शिवाय एका कंपनीचा आठ दुसरीच्या आठाइतकाच भरेल याची खात्री नाही. अर्धा नंबर वर-खाली असे जोड मागवून घालून बघण्यात संकोच कसला?

दुकानात

बूट घालायच्या आधी त्यातली इनसोल, म्हणजे आतली सुटी गादी, बाहेर काढा. ती जमिनीवर ठेवून, टाच तिच्या मागच्या कडेला जुळवून तिच्यावर उभे राहा. पुढे किती जागा उरते ते डोळ्यांना दिसतं, आणि करंगळीकडची कड बाहेर ओघळत असेल तर बूट अरुंद आहे हेही लगेच कळतं. बुटाचं टोक वरून अंगठ्याने दाबून बघण्यापेक्षा ही पद्धत भरवशाची. वरून कुणी दाबलं की पायाची बोटं नकळत आत आखडतात आणि जागा आहे त्याहून जास्त वाटते.

बूट अरुंद असेल तर नंबर वाढवू नका, रुंदी वाढवा. लांब बुटात चवडा कसाबसा बसतो, पण टाच सैल पडते आणि बूट वाकण्याची जागा पुढे सरकते. पुरुषांच्या बुटांत ‘डी’ ही साधारण रुंदी, ‘टू-ई’ रुंद आणि ‘फोर-ई’ त्याहून रुंद. महिलांच्या बुटांत ‘बी’ साधारण आणि ‘डी’ रुंद, त्यामुळे नुसतं अक्षर बघून फसू नका.

आता दोन्ही बूट घाला, टाच मागे ठोकून बसवा आणि मग लेस बांधा. चालून भागणार नाही, दोन-तीन मिनिटं पळूनच बघा. टाच थोडी हलली तर चालेल. प्रत्येक पावलाला निसटत असेल तर सगळ्यात वरच्या जादा भोकाचा उपयोग करा. त्याच बाजूच्या भोकातून लेस ओवून छोटा फासा करायचा, समोरच्या लेसचं टोक त्या फाशातून घालून ओढायचं, मग नेहमीची गाठ. तरीही टाच निसटत असेल तर तो बूट तुमचा नाही. पावलाच्या वरच्या बाजूला बधिरपणा आला तर त्या जागेवरची लेसची एक आडवी फुली सोडून द्या, दाब बऱ्याचदा तेवढ्यानेच जातो.

‘वापरून सैल होईल’ हे विक्रेत्याचं वाक्य चामड्याच्या बुटांसाठी ठीक आहे. जाळीच्या कापडाचा पळण्याचा बूट फारसा सैलावत नाही. पहिल्या दिवशी चावणारा बूट महिन्यानेही चावतो.

गादी, उंची आणि कमान

टाचेखालच्या आणि चवड्याखालच्या उंचीतला फरक, म्हणजे ‘ड्रॉप’, शून्यापासून १२ मिलिमीटरपर्यंत असतो. आधीचा बूट १० मिलिमीटरचा असेल आणि एकदम शून्य किंवा चारवर उडी मारली, तर जादा ताण पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर येतो. बदलायचंच असेल तर आठवड्यातून एक-दोन छोट्या फेऱ्यांपासून सुरुवात करा. सोलमधली गादी मऊ की कडक हा मुख्यतः आवडीचा प्रश्न आहे, पण फार मऊ बुटात घोटा डगमगत असेल तर तो बूट नाकारा.

ओल्या पावलाचा ठसा बघून पायाची कमान ठरवायची आणि त्यावरून बूट निवडायचा, ही रीत दुकानांत रुळली आहे. सैन्यातल्या नवशिक्यांवर झालेल्या चाचण्यांत मात्र अशा निवडीने दुखापती कमी झाल्याचं दिसलं नाही. कॅलगरी विद्यापीठातले अभ्यासक बेनो निग यांनी २०१५ मध्ये आरामालाच निवडीची चाळणी करा असं सुचवलं. तीन-चार जोड घालून पळा आणि ज्यात पायाकडे लक्षच जात नाही तो उचला. गुडघा किंवा टाच आधीपासून दुखत असेल, तर मात्र आधी तज्ज्ञाला दाखवा.

बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतात. वजन जास्त असेल किंवा रस्ता खडबडीत असेल तर त्याआधीच गादी बसते. वरून बूट धड दिसत असला तरी पळून आल्यावर नडग्या किंवा गुडघे नव्याने कुरकुरू लागले तर अंतर मोजून बघा. जुना जोड टाकण्याआधी त्याची इनसोल काढून ठेवा. तिच्यावर बोटांचे ठसे उमटलेले असतात. सर्वांत पुढचा ठसा कडेपासून किती आत आहे, हे पुढच्या खरेदीत आयतं माप म्हणून उपयोगी पडतं.