टार्गेटमधल्या अणूपासून बीमपर्यंत: आयसोल पद्धतीचा हिशेब

विखंडनातून, म्हणजे जड अणुकेंद्र फुटून, मिळणाऱ्या किरणोत्सारी समस्थानिकांचे बीम कोल्हापुरात तयार होत नाहीत. पण शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. करताना बीमवेळेच्या अर्जाचा (प्रयोगशाळेकडे बीम वापरायला वेळ मागण्याचा) हिशेब वहीवर नक्की मांडता येतो. गुऱ्हाळात घातलेल्या उसापेक्षा काहिलीत उतरलेल्या रसाला महत्त्व; इथेही तसंच आहे: टार्गेटमध्ये किती अणू तयार झाले यापेक्षा बीममध्ये किती पोचले ते महत्त्वाचं.

आयसोल पद्धतीत तापलेल्या टार्गेटमध्ये अणू तयार करतात, बाहेर आलेल्यांचे आयन (विद्युतभारित अणू) बनवतात आणि वस्तुमानानुसार वेगळे करून त्यांचा बीम सोडतात. आधी मूलद्रव्य बघा. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या आयसोल्डे या केंद्रात १.४ जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचे प्रोटॉन युरेनियम कार्बाइडवर आदळतात. टँटलमच्या नळीतलं हे टार्गेट सुमारे २००० अंश सेल्सिअसला तापवलेलं असतं, म्हणजे तयार झालेले अणू झिरपून बाहेर पडतात. रुबिडियम, सीझियम लगेच सुटतात. झिर्कोनियम, मॉलिब्डेनम, रुथेनियम मात्र आतच अडकतात. ते हवे असतील तर हा मार्ग सोडा. फिनलंडच्या युवास्कुलासारखी, विखंडनाचे तुकडे हेलियम वायूत थोपवणारी सोय शोधा.

आता आकडे. १ मायक्रोअँपिअर म्हणजे सेकंदाला ६.२४ लाख कोटी प्रोटॉन. टार्गेटमध्ये दर चौरस सेंटिमीटरला ५० ग्रॅम युरेनियम आणि क्रॉस-सेक्शन (हवा तो अणू तयार होण्याच्या शक्यतेचं माप) १ मिलिबार्न धरलं, तर सेकंदाला जवळपास ८० कोटी अणू जन्मतात. सुटका (टार्गेटबाहेर जिवंत पडणं) १० टक्के, आयनीकरण १० टक्के, प्रयोगापर्यंत वहन ८० टक्के धरा: हातात उरतात ६४ लाख.

सुटकेचा आकडा अंदाजाने लिहू नका, सगळा अर्ज तिथेच कोसळतो. सरासरी सुटकेला १ सेकंद लागत असेल आणि सुटका साध्या घातांकी नियमाने होत असेल, तर टिन-१३२ (अर्धायुष्य सुमारे ४० सेकंद) ९८ टक्के जिवंत बाहेर येतं; १०० मिलिसेकंद अर्धायुष्याचं समस्थानिक जेमतेम १३ टक्के. शिवाय टार्गेट जुनं होतं तसे कार्बाइडचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि सुटका मंदावते. म्हणून नव्या टार्गेटवर मोजलेला आकडा तसाच्या तसा उचलू नये.

मग भेसळ. झिंक-८० मागितलं की त्याच वस्तुमानाचं रुबिडियम-८० सोबत येतं. लेसर फक्त झिंकला आयनित करतात, पण रुबिडियम तापलेल्या धातूला नुसतं लागूनही आयन बनतं. त्यावर दोन उपाय एकत्र मागा. प्रोटॉन थेट युरेनियमवर न सोडता शेजारच्या टंगस्टनच्या दांड्यावर सोडायचे, म्हणजे तिथून निघालेले न्यूट्रॉन विखंडन घडवतात आणि रुबिडियम-८० मुळातच कमी तयार होतं. शिवाय वाटेत क्वार्ट्झची नळी ठेवायची. ती रुबिडियम धरून ठेवते, झिंक जाऊ देते. टंगस्टनमुळे झिंकही काहीसं घटतं, तेव्हा ती घट धरून वरचा हिशेब पुन्हा करा आणि तोच आकडा अर्जात लिहा.