पहिला डाईव्ह कॉम्प्युटर घेताय? आधी स्क्रीन बघा

स्कूबा डायव्हिंगचा कोर्स संपला की गिअर घ्यायला हात शिवशिवायला लागतात. माझं म्हणणं असं की तोंडावर नीट बसणारा मास्क मिळाला की पुढचे पैसे कॉम्प्युटरवरच घाला, म्हणजे पाण्यात खोली आणि वेळ मोजणारं मनगटावरचं यंत्र. बीसीडी (हवा भरून तरंगायचं जॅकेट) आणि रेग्युलेटर (टाकीतून श्वास घ्यायचं यंत्र) भाड्याने चालतात. कॉम्प्युटर पण भाड्याने मिळतो म्हणा, पण दरवेळी वेगळं मॉडेल हातात येतं आणि पाण्यात तो पिपपिप करायला लागला की का बोंबलतोय तेच कळत नाही. माझं झालंय तसं, बोटीवर आल्यावर समजलं की मी मिनिटाला ९-१० मीटरपेक्षा फास्ट वर येत होतो.

म्हणून सगळ्यात आधी स्क्रीन. खोली, किती वेळ झाला आणि नो-डेको टाइम (वर येताना सक्तीचे थांबे न घेता त्या खोलीवर राहता येईल तो वेळ) किती उरलाय, हे तीन आकडे हात पुढे धरून एका नजरेत दिसले पाहिजेत, जवळचं वाचायला चष्मा लागत असेल तर हे डबल लागू. घड्याळासारखे मॉडेल दिसायला भारी असतात पण त्यातले आकडे बारीक, आणि गढूळ पाण्यात तर बघायलाच नको. बटणं ग्लोव्ह्ज घालून दाबून बघा, एकच बटण असलेल्यात मेन्यू फिरवता फिरवता वैताग येतो.

अल्गोरिदमवरून, म्हणजे कॉम्प्युटर नो-डेको टाइम ज्या गणिताने काढतो त्यावरून, लोक तासनतास भांडतात. ब्युलमन असो नाहीतर आरजीबीएम, शिकाऊ माणसाला एवढंच पुरे की काही कॉम्प्युटर जास्त जपून चालतात, आणि हा फरक पहिल्या डाईव्हपेक्षा दुसऱ्या-तिसऱ्याला जास्त जाणवतो. बडीचा (डाईव्हमधल्या जोडीदाराचा) कॉम्प्युटर नो-डेको १२ मिनिटं दाखवतोय आणि तुमचा ६, तर दोघांनी ६ च धरायची. आणि एक कॉम्प्युटर दोघांत अजिबात नको, त्याचा हिशोब ज्याच्या मनगटावर आहे त्याच्यापुरताच असतो.

नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजनवाली हवा) मोड हवाच, आज सर्टिफिकेट नसलं तरी पुढे घ्याल. फक्त ३२ टक्के ऑक्सिजनची टाकी लावली की सेटिंग पण ३२ करायचं, ऑक्सिजनच्या दाबाच्या १.४ बार लिमिटला ३३ मीटरच्या आसपासच थांबावं लागतं.

टाकीचं प्रेशर मनगटावर दाखवणारा ट्रान्समीटर मस्त वाटतो पण सुरुवातीला त्यात पैसे घालू नका, साधा गेज आहेच की.

बॅटरीचं मात्र विचारूनच घ्या. काहींची सेल आपल्याला बदलता येते, काहींची सर्व्हिस सेंटरलाच, आणि चार्जिंगवाला असेल तर प्रत्येक ट्रिपला केबल आठवणीने न्यावी लागते. सेकंडहँड घेत असाल तर बॅटरीचं झाकण उघडून आत हिरवट गंज आहे का बघा, असेल तर समजायचं पाणी शिरलंय, कितीही स्वस्त देत असला तरी नको.