जुनी शिडाची बोट घेताय? आधी डेक ठोकून बघा
लांबच्या समुद्रप्रवासासाठी जुनी शिडाची बोट बघायला गेलात, तर नव्या रंगाला भुलू नका. स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने डेकवर हलकेच ठोकत चला. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला, तर फायबरग्लासच्या थरांमधलं लाकूड पाण्याने कुजलेलं असू शकतं. चेनप्लेट, म्हणजे डोलकाठीच्या तारा जिला जोडलेल्या असतात ती धातूची पट्टी, जिथे डेकमधून खाली उतरते, तिथे तर ठोकाच. स्टेनलेस स्टील असलं तरी त्या बंद, ओलसर फटीत ते गंजतं आणि वरून मात्र चकचकीत दिसतं. केबिनमध्ये त्याखाली तपकिरी ओघळ दिसला, तर प्लेट काढून दाखवायला सांगा. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा १० ते १२ वर्षांहून जुन्या असतील, तर नव्या तारांचा खर्च धरूनच किमतीचं बोला. बोट पाण्याबाहेर काढून स्वतंत्र सर्वेक्षकाने तपासेपर्यंत व्यवहार पक्का करू नका.