'इप मॅन' बघताना मुठीकडे नाही, कोपराकडे बघा

विंग चुन ह्या दक्षिण चिनी युद्धकलेच्या वर्गात नवीन आलेलं जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या दिवशी एकच सांगतं, "'इप मॅन' बघितला आणि आलो." मला ते ऐकून बरं वाटतं. मीही तशीच आले होते. पण मग ते हवेत धडाधड चेन पंच, म्हणजे एकामागोमाग सलग ठोसे, मारून दाखवतात आणि लक्षात येतं की सिनेमा बघून झालाय, हात बघायचे राहिलेत. त्यांना मी जे तोंडी सांगते तेच इथे लिहून ठेवते आहे.

पहिल्यांदा सलग बघा. मध्ये थांबवू नका, मागेपुढे करू नका. विल्सन यिप यांचा २००८चा सिनेमा, डॉनी येन विंग चुनचे गुरू इप मॅन यांच्या मुख्य भूमिकेत, मारामाऱ्या बसवल्या आहेत सॅमो हंग यांनी. आवाज मूळ कँटोनीज ठेवा आणि खालची अक्षरं वाचा. डबिंगमध्ये त्या माणसाचा सावकाश, अदबीचा सूर हरवतो, आणि त्याची निम्मी ताकद त्या सुरातच आहे.

दुसऱ्यांदा बसाल तेव्हा पूर्ण सिनेमा नको, तीनच मारामाऱ्या काढा. घरी आलेल्या ल्यू गुरूंशी दार लावून झालेली, उत्तरेतून आलेल्या आडदांड गुरूशी त्याच घरात झालेली, आणि दहा जपानी कराटेपटूंशी झालेली. वेग निम्मा करा. आता मुठीवरची नजर काढून कोपरावर ठेवा.

विंग चुनचा ठोसा खांदा मागे खेचून येत नाही. मूठ उभी असते, छातीच्या मधल्या रेषेवरून सरळ निघते, आणि तिच्यामागे कोपर खाली, बरगड्यांच्या पुढे रोखलेलं असतं. कोपर तिथे असलं तर समोरच्याचा धक्का हातातून कमरेत आणि कमरेतून पायांत उतरतो. बाहेर फाकलं की हात पोकळ. हे मला वर्षभर नुसतं पाठ होतं. एकदा वेगाच्या नादात मी पॅडवर ठोशांची सरबत्ती लावली, कोपर बाहेर गेलं, मनगट दुमडलं आणि तीन आठवडे सूज उतरली नाही. परत गेले तेव्हा आमच्या सरांनी माझा पुढे केलेला हात एका बोटाने दाबला, तर मी पाऊलभर मागे गेले. मग त्यांनी माझं कोपर दोन बोटं आत सरकवलं आणि पूर्ण तळव्याने ढकललं. मी हलले नाही. पडद्यावर ती दोन बोटं शोधा. डॉनी येन यांचं कोपर बहुतेक वेळा जागेवर दिसेल.

कोपर दिसायला लागलं की पुढची गोष्ट आपोआप दिसते: तो किती मारत नाही. ल्यू गुरूंशी लढताना ठोसे चेहऱ्यापाशी येऊन अडतात, लागलेच तर थापेसारखे. पाहुण्याचा मान राखत हरवायचं, असा तो खेळ आहे. दुसऱ्या लढतीत समोर तलवार आणि ह्याच्या हातात धूळ झटकायचा पिसांचा झाडू. घरातली वस्तू फुटू नये म्हणून तो इतका जपतो की शेवटी छोटा मुलगा तीनचाकी सायकलवरून आईचा निरोप घेऊन येतो: आता हात उचलला नाहीत तर घरातलं सगळं फुटेल. आणि मग दहा जणांची लढत. हात तेच, कोपर तेच, पण आता एकही ठोसा अडत नाही. हाडं मोडतात, खाली पडलेल्या माणसाच्या तोंडावर मारा सुरूच राहतो. आधीच्या दोन लढती मनात ताज्या असतील तरच इथे पोटात खड्डा पडतो. म्हणून ह्या तिन्ही लागोपाठ बघायच्या.

आता उठून उभे राहा. पावलं खांद्याइतकी लांब, बोटं किंचित आत वळलेली, गुडघे जरा वाकलेले. मूठ उभी धरून रेषेवरून हळू पुढे न्या आणि तशीच परत आणा. वीस वेळा. फार खाली बसायची गरज नाही, वेगाची तर मुळीच नाही. सिउ निम ताउ हा आमचा पहिला फॉर्म, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचाली, असाच एका जागी उभं राहून, मंद गतीने करायचा असतो.

कथेतलं खरं-खोटं मात्र वेगळं करून ठेवा, नाहीतर खऱ्या माणसावर अन्याय होतो. इप मॅन १८९३ साली दक्षिण चीनमधल्या फोशानमध्ये जन्मले, विंग चुनचे गुरू चान वा-शुन यांच्याकडे शिकले. जपानी सैन्याने १९३८मध्ये फोशान घेतलं, ते दिवस हलाखीचे होते, हे खरं. जपानी सेनापतीशी चौकात झालेली लढत आणि त्यानंतरची गोळी पटकथेतली. ते तेव्हा हाँगकाँगला पळालेही नाहीत. युद्धानंतर त्यांनी फोशानच्या पोलीस खात्यात काम केलं, आणि साम्यवादी राजवट आली तेव्हा गाव सोडलं. १९५०पासून हाँगकाँगमध्ये उपाहारगृह कामगारांच्या संघटनेच्या जागेत त्यांनी शिकवायला सुरुवात केली. ब्रूस ली त्यांच्याकडे आला तो त्यानंतर. पुढच्या भागांत पत्नी हाँगकाँगमध्ये सोबत दिसतात. प्रत्यक्षात त्या फोशानलाच राहिल्या आणि १९६० साली तिथेच गेल्या. मला हा तपशील कुठल्याही लढतीपेक्षा जास्त टोचतो.

शेवटी एक काम उरतं. २ डिसेंबर १९७२ला ते वारले, त्याच्या थोडे दिवस आधी त्यांचं ८ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रण केलं गेलं. ते इंटरनेटवर सहज सापडतं. आवाज नाही, पार्श्वसंगीत नाही. आजाराने खंगलेला, ऐंशीला टेकलेला माणूस आधी फॉर्म करतो, मग लाकडी डमीसमोर, म्हणजे सरावाच्या खांबासमोर, उभा राहतो. डमीला तीन हात, एक पाय. त्यांचे हात तिच्यावर आदळत नाहीत, चिकटून सरकतात. आवाज नसल्यामुळे तुमची नजर आपसूक योग्य जागी जाईल. ते बघून झालं की ल्यू गुरूंची लढत पुन्हा एकदा लावा.