जुन्या अँड्रॉइड प्रोजेक्टमधून जेसेंटर काढताना

जुना अँड्रॉइड प्रोजेक्ट उघडला की ग्रेडलच्या (ॲप बिल्ड करणाऱ्या टूलच्या) फाइलमध्ये जेसेंटरची, म्हणजे लायब्ररी पुरवणाऱ्या एका जुन्या ऑनलाइन भांडाराची, ओळ हमखास सापडते. १५ ऑगस्ट २०२४ पासून तिथल्या विनंत्या मेव्हन सेंट्रल या दुसऱ्या भांडाराकडे वळवल्या जातात आणि ग्रेडल ९ मध्ये तर जेसेंटर लिहायची सोयच काढून टाकली आहे. म्हणून ग्रेडल अपडेट करण्याआधीच ती ओळ काढा.

१. बदल करण्याआधी ग्रेडलच्या 'डिपेन्डन्सीज' कमांडचं आउटपुट, म्हणजे प्रोजेक्ट वापरत असलेल्या लायब्ररींची यादी, एका फाइलमध्ये साठवा.

२. सगळ्या ग्रेडल फाइल्समध्ये जेसेंटर शोधा. प्लगिनसाठीचा भाग बहुतेकांच्या नजरेतून सुटतो, तोही बघा. त्या जागी गूगलचं भांडार आणि मेव्हन सेंट्रल ठेवा.

३. आता 'रिफ्रेश-डिपेन्डन्सीज' हा पर्याय देऊन बिल्ड करा. खरी युक्ती हीच. साधं बिल्ड तुमच्या मशीनवरच्या कॅशमधून (आधी उतरवून ठेवलेल्या प्रतींमधून) लायब्ररी उचलतं आणि हिरवं, म्हणजे यशस्वी, दिसतं. मग नव्या सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर तेच बिल्ड कोसळतं.

४. पुन्हा यादी काढून आधीच्या फाइलशी ताडून पाहा.

हात लागलाच आहे तर बिल्ड टूल्सची आवृत्ती सांगणारी ओळही काढा. अँड्रॉइड ग्रेडल प्लगिन ३.० पासून ती द्यावी लागत नाही. पण त्याचा कमिट वेगळा करा.

एक काळजी: एखादी लायब्ररी मेव्हन सेंट्रलवर मिळालीच नाही, तर तशाच नावाची दुसऱ्या कुणाची प्रत घाईने जोडू नका. मूळ लेखकाने ती कुठे हलवली, हे त्या प्रोजेक्टच्या रीडमीमध्ये आधी पाहा.