घरच्या फोटोला नावं ठेवून घ्या

एका येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येच्या सणाला, आमच्या रानात मी चौदा माणसांचा फोटो काढला. दुपारचा एक वाजलेला, भज्जी-आंबील पोटभर झालेली, कडब्याच्या कोपीपुढं सगळे दाटीवाटीनं उभे. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला तर पाच मिनिटांत अकरा अंगठे आणि लातूरच्या आत्याचं ‘लय भारी’. संध्याकाळी तोच फोटो आजीच्या हातात दिला. तिनं फोन लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाली, “मी कुठं हाय रं ह्यात? निस्तं आभाळच दिसायलंय.”

आजी होती. कोपीच्या तोंडाशी, सावलीत बसलेली. पण निम्म्या फोटोत लखलखीत आभाळ. फोननं उजेडाचा हिशोब आभाळाकडं बघून लावला आणि आजीच्या जागी काळा गोळा उरला. अकरा जणांपैकी एकालाही ते दिसलं नाही, कारण जो तो आधी स्वतःचं तोंड बघत होता. त्या दिवसापासून मी फोटो काढतो त्यापेक्षा जास्त वेळ तो दाखवण्यात घालवतो. त्याची रीत अशी.

एकच फोटो निवडा

बारा फोटो दाखवले की समोरचा “सगळेच छान” म्हणून मोकळा होतो. एक निवडा, आणि दाखवण्याआधी वहीत एक ओळ लिहा: हा फोटो कशासाठी काढला? ‘आजी मधे, पोरं तिच्याभोवती’ एवढं पुरे. पुढं दहा जण दहा गोष्टी सांगतात तेव्हा हीच ओळ कामाला येते. सोबत उजेड कोणत्या बाजूनं होता तेही लिहा. वेळ आणि तारीख फोनमध्ये सापडते, उजेडाची बाजू सापडत नाही.

कुणाला दाखवायचा

फोटोत जो आहे त्याला जरूर दाखवा, पण त्याच्या स्वतःच्या चेहऱ्याबद्दल त्याचं मत फार मनावर घेऊ नका. माणूस रोज स्वतःला आरशात उलटा बघतो आणि त्याच चेहऱ्याला सरावतो. १९७७ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी ह्यावर प्रयोग केला होता. लोकांना स्वतःचा आरशातल्यासारखा उलटा फोटो जास्त आवडला, तर त्यांच्या जवळच्यांना त्यांचा सरळ फोटो आवडला. त्यामुळं काकू “माझं तोंडच वाकडं आलंय” म्हणाल्या तर काकांना विचारा. ते म्हणतील, रोज असंच असतं की.

दुसरा माणूस तालुक्याच्या गावातला स्टुडिओवाला. ह्याच्या नजरेखालून हजारो चेहरे गेलेले असतात. फक्त लग्नसराईत जाऊ नका, तेव्हा त्याला पाणी प्यायलाही वेळ नसतो. पौषात किंवा पितृपंधरवड्यात गेलात तर निवांत भेटतो, चहाही पाजतो.

तिसरा, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा, तुमच्या घरच्यांना न ओळखणारा. आपल्याला फोटोतली आठवण दिसते, त्याला फक्त फोटो दिसतो.

लांबच्याला पाठवायचा असेल तर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नेहमीसारखा पाठवला तर तो दाबला जातो, बारकावे जातात, आणि समोरचा ‘जरा पुसट आहे’ म्हणतो तेव्हा दोष तुमचा की ॲपचा हे कळत नाही.

काय विचारायचं

“कसा आलाय?” हा प्रश्नच टाका काढून. त्याला “छान” हे एकच सभ्य उत्तर आहे. त्याऐवजी विचारा:

“बघितल्या बघितल्या नजर कुठं गेली?”
“ह्यातलं काय झाकलं तर फोटो सुधारेल?” आणि खरंच अंगठ्यानं झाकायला लावा.
“ही दोघं एकमेकांची कोण असतील?” हा प्रश्न फक्त परक्याला. बाप-लेकीच्या फोटोत त्याला दोन अनोळखी माणसं शेजारी उभी दिसली, तर उभं करण्यात चूक झाली.

आणि मग गप्प बसा. हे सगळ्यांत अवघड. “तेव्हा ऊन होतं ना”, “पोरगं ऐकतच नव्हतं” असं आपण सुरू केलं की समोरचा समजुतीनं मान हलवतो आणि खरं बोलायचं राहून जातं.

शेऱ्यामागचं दुखणं ओळखा

घरची माणसं ‘एक्स्पोजर’, म्हणजे फोटोत किती उजेड घेतला ते, म्हणत नाहीत. ती म्हणतात, “तोंड काळं आलंय.” दुखणं ते सांगतात, औषध आपण शोधायचं.

“तोंड काळं आलं.” मागं आभाळ किंवा चुन्यानं रंगवलेली भिंत असली की हे हमखास होतं. फोनवर चेहऱ्यावर बोट टेकवा, सूर्याचं चिन्ह येईल, ते वर सरकवा. बोट थोडा वेळ दाबून धरलं की बहुतेक फोनांत उजेड तिथंच कायम राहतो. उलट, गडद भिंतीपुढं आजोबांचं धोतर नि पांढरी टोपी भगभगीत येत असेल तर तेच चिन्ह खाली आणा. सावलीतला काळोख नंतर थोडा उजळता येतो, जळून पांढरी झालेली टोपी परत येत नाही.

“डोळ्यांत खड्डे पडल्यासारखं दिसतंय.” भर दुपारचं डोक्यावरचं ऊन. आपल्याकडं उन्हाळ्यात दहा ते चार हा वेळ फोटोसाठी सोडूनच द्यावा. लिंबाखाली जाऊ हा पहिला विचार येतो, पण पानांतून पडणाऱ्या कवडशांनी चेहरे ठिपक्याठिपक्यांचे होतात. त्यापेक्षा ओसरी बरी. माणूस आत, उंबऱ्यापासून हात-दीड हात मागं, तोंड दाराकडं. तुम्ही दारात, पण एका बाजूला, उजेड अडणार नाही असे. मग डोळ्यांत दाराचा बारीक पांढरा ठिपका उमटतो. त्या ठिपक्यानं चेहरा जिवंत वाटतो. आणि आतला बल्ब बंद करा, नाहीतर एक गाल पिवळा, एक निळा.

“नाक केवढं आलंय!” जवळून काढलात. दोन फुटांवर नाक कानापेक्षा बरंच जवळ असतं म्हणून मोठं दिसतं. पाच-सहा फूट मागं सरका आणि २ एक्स झूम लावा. तसंच ग्रुप मावत नाही म्हणून ०.५ एक्स, म्हणजे रुंद दाखवणारा झूम, लावला की कडेची माणसं ताणली जातात. आमच्या कडेच्या मावशीनं ह्यावरून दोन महिने अबोला धरला होता. १ एक्सवर राहून मागं जा आणि दोन्ही कडांना थोडी जागा मोकळी सोडा.

“कुणाचे तरी डोळे मिटलेत.” चौदा माणसांत कुणी ना कुणी पापणी मिटणारच. ह्याचं गणित ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ ह्या संशोधन संस्थेतल्या दोघांनी मांडलं आणि २००६ साली त्यांना गणिताचा इग नोबेल, म्हणजे आधी हसवणारा नि मग विचार करायला लावणारा तो पुरस्कार, मिळाला. माणसं विसापेक्षा कमी असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तिनानं भागा, कमी उजेडात दोनानं. तेवढे फोटो काढले की एक तरी सगळ्यांच्या उघड्या डोळ्यांचा निघण्याची चांगली आशा. म्हणजे आमच्या चौदा जणांना दुपारी पाच, दिवेलागणीला सात. मी एक काढून फोन खिशात घातला होता.

“हलला.” घरात ट्यूबखाली खेळणारं पोर हलणारच. त्याला दारात आणा. कॅमेरा असेल तर बसलेल्या माणसांना १/१२५, पोरांना १/२५० सेकंद किंवा त्याहून वेगवान शटर (उजेड आत घेण्याचा वेळ) ठेवा.

“मागची रांग धूसर आहे.” हा कॅमेरेवाल्यांचा रोग. मागचं धूसर यावं म्हणून भिंगाचं तोंड मोठं उघडून एफ १.८ वर ठेवायचं आणि नेमका मागं उभा जावई धूसर आणायचा. दोन रांगा असतील तर तोंड बारीक करून एफ ५.६ ते ८.

“डोक्यातून खांब निघालाय.” एक पाऊल बाजूला. बस.

“शाळेच्या फोटोसारखे ताठ उभे आहेत.” ह्यावर बटण नाही. हाताला काम द्या: आजीच्या हातात सूप, काकांच्या हातात बैलाचा कासरा, पोराच्या हातात हुरड्याचं कणीस. “हसा” म्हणू नका, कारण आपली वडीलधारी माणसं कॅमेऱ्यापुढं हसणं थिल्लरपणा समजतात आणि मला तरी त्यांचे गंभीर चेहरे जास्त खरे वाटतात. पहिल्या चार फोटोंत सगळे सावध असतात. “झालं, झालं” म्हणा, सगळे सैल पडतील, तेव्हा पाचवा काढा.

कुठलं मत सोडून द्यायचं

“जरा गोरं कर की.” हे तुम्हाला नक्की ऐकायला मिळेल. माझं मत स्पष्ट आहे: करू नका. फोनमधला चेहरा गुळगुळीत करणारा ब्यूटी मोड सरळ बंद ठेवा. रानात आयुष्य काढलेल्या माणसाचा रापलेला रंग आणि सुरकुत्या पुसल्या की उरतो तो कुणाचाही फोटो. पण तक्रार झटकूनही टाकू नका. बहुतेकदा ‘काळा आलो’ म्हणणाऱ्याच्या चेहऱ्यावर खरंच उजेड कमी असतो. उजेड नीट पाडा, रंगाला हात लावू नका, आणि पुन्हा दाखवा. दहातल्या आठांची तक्रार तिथंच मिटते.

एका वेळी एकच बदल

जागा, वेळ, माणूस, फोन सगळं एकदम बदललं तर कशानं फरक पडला ते कळत नाही. मी ओसरीतली एकच जागा आणि एकच आजी घेतली. पहिल्या रविवारी तोंड दाराकडं समोरासमोर: चेहरा सपाट. दुसऱ्या रविवारी तिला थोडं तिरकं बसवलं: एका गालावर सावली आली, नथ चमकली, सुरकुत्यांना खोली आली. तिसऱ्या रविवारी फक्त मी बदललो, उभं राहून काढण्याऐवजी गुडघ्यावर बसलो, फोन तिच्या डोळ्यांच्या उंचीवर. स्टुडिओवाल्यापुढं तिन्ही ठेवले तर त्यानं न बोलता तिसऱ्यावर बोट ठेवलं. पहिले दोन वरून काढलेले, त्यांत आजी खुजी दिसत होती. हे मला स्वतःला दिसलं नव्हतं. पोरांचे फोटोही असेच, बसून काढा.

छापून बघा

पडद्यावर सगळंच चमकतं. महिन्यातून एक तरी फोटो कागदावर काढा. मात्र फोनचा फोटो साधारण ४:३ आकाराचा आणि ४×६ इंची कागद ३:२ चा. पूर्ण कागद भरायचा तर काही भाग कापला जातो, आणि तो बहुधा वरचा फेटा नाहीतर खालचे पाय. ६×८ ला ही कटकट नाही. नाहीतर काढतानाच वरखाली मोकळी जागा सोडा. छापलेला फोटो आठवडाभर फडताळाच्या दाराला लावून ठेवा. जाता-येता माणसं जे बोलतात ते विचारून मिळत नाही.

पुढच्या येळवशीला चारनंतर थांबलो. हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, त्याआधीचा तास-दीड तास ऊन मऊ असतं. मागं आभाळाऐवजी हिरवी ज्वारी घेतली, आजीला मधे बाजेवर बसवलं, पाच फोटो काढले, त्यातला एक ६×८ छापून तिला दिला. तिनं एकेका तोंडावर बोट ठेवून नावं घेतली. शेवटी विचारलं, “आन् तू रं? तू कुठं हायस?”

तर आता फोन ट्रॅक्टरच्या मडगार्डवर, मागं विटेचा टेकू, दहा सेकंदांचा टायमर. काही फोनांत टायमरवर लागोपाठ अनेक फोटो निघतात, तुमच्यात असेल तर तेच लावा. मागचाच कॅमेरा वापरा, सेल्फीचा नको. आणि धावत येऊन उभं राहायची आपली जागा आधीच मोकळी ठेवायला सांगा, नाहीतर कडेला उभं राहावं लागतं.