‘री’ म्हणजे दर वेळी ‘पुन्हा’ नव्हे: इंग्रजी लिहिताना या चुका टाळा

‘परत सांग’ मधला ‘परत’ आणि ‘पैसे परत दे’ मधला ‘परत’ वेगळे, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. इंग्रजीत आर आणि ई ही दोन अक्षरं शब्दाच्या पुढे लागतात, तेव्हा तीही अशीच दोन कामं करतात. रीराइट, रीहीट, रीबिल्ड यांत ती ‘पुन्हा’ सांगतात. रिटर्न, रिफंड, रिपे यांत ‘मागे, उलट दिशेनं’. आणि रिसीव्ह, रिमेन, रिक्वेस्ट अशा शब्दांत हा उपसर्ग लॅटिनमधून येता येता इतका मुरला आहे, की त्याचा वेगळा अर्थ आज इंग्रजांनाही जाणवत नाही. बहुतेक चुका या तीन गटांची सरमिसळ झाली की होतात.

आधी उच्चार ऐका

शब्द कुठल्या गटातला हे ओळखायला शब्दकोश उघडण्याआधी कान पुरतो. उपसर्ग ‘पुन्हा’ या अर्थानं जिवंत असेल तर ‘री’ दीर्घ आणि ठसठशीत ऐकू येतो, आणि पुढचा एस ‘स’च राहतो: री-सेल, री-सेंड, री-साइन. उपसर्ग मुरलेला असेल तर ‘रि’ ऱ्हस्व होतो आणि स्वराआधीचा एस बहुधा ‘झ’ होतो: रिझाइन, रिझर्व्ह, रिझल्ट, रिझेम्बल. रिसर्च आणि रिसोर्स हे दोन ठळक अपवाद. तिथे ‘स’च म्हणा.

काही शब्दांत आघाताची, म्हणजे उच्चारातल्या जोराची, जागा बदलली की अर्थच बदलतो. रिफ्यूझ म्हणजे नकार देणे, पण रेफ्यूस म्हणजे कचरा. स्पेलिंग एकच. परदेशातल्या इमारतीत ‘रेफ्यूस ओन्ली’ अशी पाटी दिसली तर तिथे कुणी काही नाकारत नाहीये, ती कचऱ्याची जागा आहे. तसंच काम पुढे सुरू करणे ते रिझ्यूम, आणि नोकरीच्या अर्जाला जोडता तो रेझ्युमे.

छोटी आडवी रेघ विसरू नका

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. रिझाइन म्हणजे राजीनामा देणे. री-साइन म्हणजे पुन्हा सही करणे, करार वाढवणे. हायफन सोडला तर दोन्हींचं स्पेलिंग अक्षरशः एक आहे. फुटबॉल क्लबनं खेळाडूचा करार वाढवल्याची बातमी हायफन गाळून छापली, की तो संघ सोडून गेला असा नेमका उलटा अर्थ निघतो. ऑफिसात ‘तीनही सल्लागारांनी री-साइन केलं’ हे कळवताना रेघ सुटली तर नवीन माणसं शोधायची तयारी सुरू होईल. स्पेलचेक इथे मदत करत नाही, कारण दोन्ही शब्द त्याच्या लेखी बरोबर आहेत. फोनचा ऑटोकरेक्ट तर कधी कधी टाकलेली रेघही काढून टाकतो.

घराच्या कागदपत्रांत हाच घोळ आणखी गंभीर होतो. रिलीज डीड म्हणजे आपलं हक्कसोडपत्र: भाऊ-बहीण मालमत्तेतला आपला हिस्सा सोडतात तो दस्त. री-लीज म्हणजे जागा पुन्हा भाडेपट्ट्यानं देणे. एकात हक्क जातो, दुसऱ्यात फक्त मुदत वाढते. वकिलाला ईमेल लिहिताना यात धोका पत्करू नये. रेघेच्या भरवशावर राहण्यापेक्षा ‘रिन्यू द लीज’ असं सरळ लिहावं.

बँकेत न वटलेला चेक पुन्हा भरतात, तो री-प्रेझेंट होतो. रेप्रिझेंट म्हणजे प्रतिनिधित्व करणे. सोफ्याला नवीन कापड लावलं तर तो री-कव्हर झाला; रिकव्हर आजारी माणूस होतो, किंवा बुडीत कर्ज. ‘आय री-सेंट द फाइल’ म्हणजे फाइल पुन्हा पाठवली. रेघ गेली तर ‘मला त्या फाइलचा राग येतो’ असं वाचलं जाईल. विद्यापीठाकडे पेपर पुन्हा तपासायचा अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्यांनी ‘री-मार्किंग’ लिहिताना रेघ द्यावी, कारण रिमार्क म्हणजे शेरा.

म्हणजे मग सगळीकडेच रेघ मारायची का? नाही, ती उलटी चूक आहे आणि तीही भरपूर दिसते. रीराइट, रीबिल्ड, रीचेक, रीडेव्हलपमेंट हे शब्द सलग लिहायचे. सोसायटीच्या नोटिशीत रीडेव्हलपमेंटचे दोन तुकडे करून मधे रेघ किंवा मोकळी जागा सोडतात, त्याची गरज नाही. रेघ ठेवायची ती मुख्यतः दोन ठिकाणी: रेघ काढल्यावर दुसराच शब्द तयार होत असेल तिथे, आणि मूळ शब्द ई या अक्षरानं सुरू होत असेल तिथे, म्हणजे री-एंटर, री-इलेक्ट, री-एक्झामिन. दुसऱ्या नियमात मतभेद आहेत. अमेरिकेत असे बरेच शब्द सलग छापतात. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेनंही 2019 मध्ये री-इलेक्टसारख्या शब्दांतली रेघ काढली. ब्रिटिश वळणाचं इंग्रजी, आणि म्हणून आपल्याकडचंही, ती ठेवतं. एका मजकुरात एकच पद्धत पाळली की झालं.

‘प्लीज रिव्हर्ट’

भारतातल्या ऑफिसांत रिव्हर्ट म्हणजे उत्तर द्या. सिंगापूर-मलेशियातही हा वापर आहे. बाकी इंग्रजी जगात रिव्हर्ट म्हणजे आधीच्या स्थितीला जाणे: लीज संपली की जमीन मूळ मालकाकडे रिव्हर्ट होते, सेटिंग्ज बिघडली की फॅक्टरी सेटिंग्जवर रिव्हर्ट करता येतं. आपापसात चालतं तोवर चालू द्या, पण सॉफ्टवेअरवाल्यांनी सावध राहावं. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये रिव्हर्ट म्हणजे केलेला बदल उलटवणे. ‘प्लीज रिव्हर्ट ऑन धिस चेंज’ असं परदेशातल्या सहकाऱ्याला लिहिलं, तर तो उत्तर देण्याऐवजी कोडच मागे नेऊन ठेवेल, आणि शब्दशः पाहता त्याचं काहीच चुकलेलं नसेल. त्याऐवजी ‘प्लीज रिप्लाय बाय फ्रायडे’ किंवा ‘लेट मी नो बाय फ्रायडे’ लिहा. वारही ठरतो.

‘रिव्हर्ट बॅक’मध्ये तर डबल घोळ. अर्थ चुकला तो चुकलाच, वर ‘बॅक’ फुकट गेला. रिटर्न बॅक, रिप्लाय बॅक, रिफंड बॅक हे त्याच माळेचे मणी: उपसर्गातच ‘मागे’ आहे, आणि मराठीतला ‘परत’ आपण सवयीनं वेगळा लावतो. रिपीट अगेन मात्र सरसकट चूक नाही. एकदा रिपीट करून झालंय आणि तिसऱ्यांदा सांगायचंय, तर ‘अगेन’ बरोबर आहे. पहिल्यांदाच रिपीट करत असाल तर नको.

‘टू’ आणि ‘फॉर’ची लुडबुड

‘आय रिक्वेस्टेड फॉर लीव्ह’ हे चूक. क्रियापद म्हणून वापरलेल्या रिक्वेस्टला फॉर लागत नाही: ‘आय रिक्वेस्टेड लीव्ह’. नाम असेल तर लागतो: ‘माय रिक्वेस्ट फॉर लीव्ह’. ‘आस्क फॉर’ची सवय असते, म्हणून फॉर इथेही चिकटतो. ‘ही रिझेम्बल्स टू हिज फादर’ मधला टू आला ‘वडिलांसारखा’ मधल्या ‘सारखा’मुळे, तो काढा. रिप्लायला मात्र टू हवाच: ‘रिप्लाय टू द ईमेल’.

रिमेंबर म्हणजे स्वतःला आठवणे, रिमाइंड म्हणजे दुसऱ्याला आठवण करून देणे. ‘प्लीज रिमेंबर मी टू कॉल द प्लंबर’ चालत नाही, तिथे रिमाइंड. गंमत म्हणजे ‘रिमेंबर मी टू युअर मदर’ हे वाक्य अगदी शुद्ध आहे, फक्त त्याचा अर्थ ‘आईंना माझा नमस्कार सांगा’ असा होतो.

रिप्लेसमध्ये क्रम सांभाळा. जुनं आधी, नवं नंतर: तुपाऐवजी तेल घ्यायचं असेल तर ‘रिप्लेस घी विथ ऑइल’. सब्स्टिट्यूटचा क्रम बरोबर उलटा, ‘सब्स्टिट्यूट ऑइल फॉर घी’. हे दोन साचे एकमेकांत मिसळले की वाचणाऱ्याला नेमकं काय वगळायचं ते कळत नाही. पाककृतीत एक वेळ भागेल, पण यंत्राच्या सुट्या भागांच्या यादीत भागणार नाही.

पैसे कुठून परत आले?

विक्रेता घेतलेले पैसे परत देतो तो रिफंड. तुम्ही खिशातून खर्च केला आणि नंतर ऑफिसनं भरून दिला, तर ते रीइम्बर्समेंट. कर्ज फेडता ते रिपेमेंट. टॅक्सी भाड्याच्या बिलावर ‘प्लीज रिफंड’ लिहिलं तर अकाउंट्स विभागाला वाटेल, तुम्ही कंपनीला पैसे दिले होते.

अभ्यासातली अशीच एक अडचण म्हणजे रिव्हाइज. आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये परीक्षेआधी उजळणी करणे म्हणजे रिव्हाइज. अमेरिकेत रिव्हाइज म्हणजे मजकुरात बदल करणे. उजळणीला तिथे रिव्ह्यू म्हणतात. अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलानं प्राध्यापकाला ‘आय हॅव रिव्हाइज्ड द चॅप्टर’ असं लिहिलं, तर ते सुधारित मसुदा मागतील.

प्रत्येक क्रियापदाला ‘री’ जोडू नका

एखादी गोष्ट बदलते, घडते, तयार होते अशा कामांना हा उपसर्ग सहज लागतो: रीपेंट, रीओपन, रीलोड. झोपणे, बसणे, माहीत असणे, मदत करणे यांना लागत नाही. री-स्लीप, री-हेल्प असे शब्द नाहीत. तिथे ‘अगेन’ वापरा. शंका आली तर एक पाहा: क्रिया झाल्यावर मागे बदललेली वस्तू उरते का? भिंत उरते, फाइल उरते. झोपेतून असं काही उरत नाही. ही ढोबळ खूण आहे, पण बऱ्याच वेळा कामाला येते.

उलट, पुढे आर-ई दिसलं म्हणून ते उपसर्गच असं नाही. रेडी, रीच, रिअल, रीजन, रेनडिअर यांत उपसर्ग नाहीच. ‘रीच्ड टू पुणे’ मधला टूही अनावश्यक आहे, पण त्याचा या उपसर्गाशी संबंध नाही.

ईमेलच्या विषयात दिसणारं ‘आरई’ आणि पुढचे दोन टिंब म्हणजे रिप्लायचं संक्षिप्त रूप असा सार्वत्रिक समज आहे. ते लॅटिन ‘रेस’ या शब्दाचं रूप, अर्थ ‘विषयी, बाबतीत’. ईमेल येण्याच्या कितीतरी आधीपासून कोर्टाच्या कागदांत आणि टाइप केलेल्या पत्रांत ते होतं. म्हणून नवीन पत्रातही विषयाआधी लिहिलं तर चूक नाही. पण आता लोक ते उत्तरच समजतात, तेव्हा नव्या ईमेलमध्ये टाळलेलं बरं.

स्पेलिंगमध्ये घसरण्याच्या जागा

मानधन या अर्थाचा शब्द रिम्युनरेशन आहे, रिन्युमरेशन नव्हे. एन आधी येतो तो ‘नंबर’च्या ओढीनं, पण मूळ लॅटिन ‘मुनुस’ म्हणजे भेट, देणगी. आकड्यांशी संबंध नाही. एम आधी, एन नंतर.

रिड्रेसल हे खास भारतीय रूप. रिड्रेस हेच नाम आहे, त्याला शेपूट लावायची गरज नाही. मात्र 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आयोगाच्या अधिकृत नावातच रिड्रेसल आहे, तेव्हा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे इंग्रजीत तक्रार करताना नाव जसं आहे तसंच लिहा. मजकुरात ‘आय सीक रिड्रेस’ म्हणा.

रेकमेंडमध्ये सी एक आणि एम दोन. आर-ई बाजूला काढून उरलेला ‘कमेंड’ वाचला की अडचण येत नाही. रेफर्डमध्ये आर मधे दोनदा येतो, कारण आघात शेवटच्या अवयवावर, म्हणजे उच्चाराच्या शेवटच्या तुकड्यावर, आहे. रेफरन्समध्ये तो आघात पहिल्या अवयवावर सरकतो, म्हणून तिथे मधला आर एकच.